नस मेलेल्या दाताचं रूट कॅनल एका बैठकीत उरकावं का?

मूळपुरुष
‘एकाच दिवसात रूट कॅनल’ अशा पाट्या आता गल्लोगल्ली दिसतात. नस जिवंत असेल, नुसती सुजून ठणकत असेल, तर मुळात जंतू फारसे पोचलेले नसतात. तिथे खुशाल एका बैठकीत संपवा. माझा आक्षेप आहे तो नस मेलेल्या आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसणाऱ्या दाताबद्दल.

हा डाग जंतूंचाच उद्योग. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांची नस उघडी पाडून तशीच ठेवली. साध्या उंदरांची नस सडली, टोकाशी गळू झालं. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढेत अन्न अडकत होतं, तरी नस तगली आणि जखमेवर डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण भागाचा) नवा थर धरला.

आता हे जंतू काढायचे कसे? मूळ म्हणजे सरळ नळी नव्हे. आत खरवडणारी बारीक कानस म्हणजे फाईल भिंतींच्या बऱ्याच भागाला टेकतच नाही आणि दोन कॅनलमधल्या, म्हणजे मुळातल्या नळ्यांमधल्या, फटीत जंतूंचा चिकट थर बसलेला असतो. नायर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये खालच्या दाढांच्या १६ मुळांचं रूट कॅनल एका बैठकीत केलं, हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावाने) धुतलं, भरलं आणि लगेच टोकं कापून तपासली. १४ मध्ये जंतू उरलेलेच होते. म्हणून दोन बैठकांच्या मध्ये आठवडाभर कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध भरून ठेवावं.

दाढीवाला दंतवैद्य
उंदीर मान्य, निष्कर्ष अमान्य. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच साडेबाराच्या आसपास, म्हणजे जंतू मारण्याइतका अल्कधर्मी, पण डेंटिन तो शोषून सौम्य करतं. सूक्ष्म नलिकांत शिरलेल्या जंतूंपर्यंत पोचेतो जोर उरत नाही. एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जंतू तर प्रोटॉन बाहेरून आत ओढून त्यातही तग धरतो. शिवाय दुखणं थांबलं की पेशंट दुसऱ्या बैठकीला फिरकत नाही. सहा महिन्यांनी येतो तेव्हा तात्पुरतं सिमेंट झिजलेलं आणि आत लाळ. त्यापेक्षा त्याच दिवशी नीट बंद केलेलं बरं.

मूळपुरुष
फीकॅलिस हा आधी केलेलं रूट कॅनल फसलेल्या दातांतला पाहुणा. पहिल्यांदा उघडलेल्या दातात फ्युसोबॅक्टेरियम, प्रेव्होटेला, पॉर्फिरोमोनास अशी प्राणवायू न मानवणारी मंडळी असतात. तुमचा खलनायक दुसऱ्याच नाटकातला आहे.

आणि स्योग्रेन यांचा १९९७ चा अभ्यास? डाग असलेले ५५ दात, सगळे एकाच बैठकीत भरलेले. भरण्याआधीच्या नमुन्यात जंतू न सापडलेले ९४ टक्के बरे झाले, सापडलेले ६८ टक्के.

दाढीवाला दंतवैद्य
६८ टक्के म्हणजे जंतू सापडूनही तीनातले दोन बरे! जंतू आत कोंडले गेले, बाहेरून अन्नरस मिळेना, संपले. आणि एक बैठक विरुद्ध अनेक बैठका अशी थेट तुलना करणाऱ्या चाचण्यांत डाग भरून येण्यात ठळक फरक दिसलेला नाही. प्रयोगशाळेत जंतू मोजणं वेगळं, दात वाचणं वेगळं.

मूळपुरुष
तीनातला तिसरा पेशंट तुमच्याकडे परत येत नसेल, दुसऱ्याकडे जात असेल.

खिडकीतली मावशी
डॉक्टरलोकहो, तुमचं चालू द्या. पण मला आधी पाच दिवस अँटिबायोटिक गिळायला लावलं होतं, ते कशासाठी?

दाढीवाला दंतवैद्य
मावशी, नस मेली की त्या मुळातला रक्तपुरवठाच बंद. गोळीतलं औषध तिथे पोचणार कुठून? ताप असेल, सूज गालाकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल तर गोळ्या हव्यातच. नुसत्या ठणक्यासाठी नकोत, दात उघडून साफ करणं हाच उपाय. इथे मूळपुरुषांचंही दुमत नसावं.

मूळपुरुष
दुमत नाही.

कडुलिंब
एवढा काथ्याकूट झाला, रबर डॅमचं नाव कुणी काढलं का? दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा १८६४ पासून आहे. माझ्या वेळी गालात कापसाचे दोन बोळे कोंबले, ते पाच मिनिटांत चिंब. लाळच आत उतरत असेल तर बैठका मोजून काय उपयोग?

दाढीवाला दंतवैद्य
शंभर टक्के सहमत. पडदा लावून सगळं कॅनल हायपोने सावकाश धुतलं, तर एक बैठक पुरते.

मूळपुरुष
पडदा लावलाच पाहिजे, पण तो बाहेरच्यांना अडवतो. फटीत आधीच ठाण मांडून बसलेल्यांचं काय, ते अजून सांगितलं नाहीत तुम्ही.