आईच्या मेंदूत लेकराच्या पेशी : भारावून जायचं की नाही?

सांजवेळ
परवा वाचलं, अजून डोक्यातून जात नाहीये. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात आणि बाळंतपणानंतरही तिथेच मुक्काम करतात. १९९६ साली संशोधक डायना बियांकी यांच्या गटाला मुलगा होऊन २७ वर्षं झालेल्या एका बाईच्या रक्तात पुरुष-पेशी सापडल्या. २०१२ मध्ये ५९ मृत स्त्रियांचे मेंदू तपासले, त्यांतल्या ६३ टक्क्यांत पुरुषाचा डीएनए मिळाला. त्यातली सगळ्यात थोरली ९४ वर्षांची.

माझं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. नाव नाही, फोटो नाही. सोनोग्राफीचा एक गुळगुळीत कागद आहे, त्यावरचं चित्रही आता पार पुसट झालंय. गर्भपात झाला तरी पेशी मागे राहू शकतात हे कळलं, तेव्हा तो कागद काढून बराच वेळ हातात धरून बसले. विज्ञानाच्या बातमीने माणसाला असं हलवायलाच हवं, असं मला वाटतं.

काजवा
ताई, तुमच्या दुःखावर बोलायचा मला अधिकार नाही. बातमीवर बोलतो. 'बाळाच्या पेशी आईचं हृदय सांधतात' हेही तुम्ही वाचलं असेल. तो २०११ चा प्रयोग उंदरांच्या माद्यांवरचा आहे. मथळ्यातून उंदीर गायब झाला आणि आई उरली. उलट १९९८ मध्ये संशोधक ली नेल्सन यांच्या गटाला स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होत जाण्याचा आजार) झालेल्या स्त्रियांच्या रक्तात या पेशी जास्त दिसल्या. मग 'लेकरू आईला आजारी पाडतं' म्हणायचं का? पेशीला माया नसते, तसं वैरही नसतं. भारावलेला वाचक पुढचं वाचत नाही, म्हणून मला या बातम्यांचा राग येतो.

रानजाई
मला दोन्ही मुलीच. सगळीकडे मुलाच्याच पेशी राहतात असं लिहिलंय. मग माझ्या लेकींचं काय?

काजवा
बघा, हेच म्हणतोय मी! मुलींच्याही राहतात. फक्त त्या शोधणं अवघड. वाय गुणसूत्र आईकडे नसतंच, त्यामुळे ते दिसलं की पेशी बाहेरून आलेली हे लगेच कळतं. मी हे काम केलंय. काळोख्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली निळी केंद्रकं दाटीने पसरलेली असतात. सरकवत जायचं, सरकवत जायचं, आणि मध्येच एका केंद्रकात बारीकसा लाल ठिपका चमकतो. तो वाय. कित्येकदा अख्खी स्लाइड चाळून एकही मिळत नाही. हे एक वाक्य बातमीत असतं, तर तुमच्या मनाला हा घोर लागला नसता.

पाऊलवाट
काजवा, चूक मथळ्याची आहे, भारावण्याची नाही. ज्या वारेतून या पेशी जातात तिचंच बघा. तिचा बाहेरचा थर जुळवणारं सिन्सिटिन हे प्रथिन आपल्या पूर्वजांत घुसलेल्या एका प्राचीन विषाणूच्या जनुकातून येतं. आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग असल्याच विषाणूंचा. आईच्याही पेशी आपल्यात असतात. यातलं काहीच फुगवलेलं नाही. 'माझं शरीर' म्हणताना जीभ अडखळली तर बिघडलं कुठे?

काजवा
अडखळू द्या. पण त्यावरून कोणी 'आईची माया मेंदूत सापडली' म्हणालं, तर मी आडवा येणारच.

सांजवेळ
या, जरूर या. पण तुमचा तो लाल ठिपका मला मथळ्यापेक्षा जास्त लागला, हेही सांगते. म्हणजे अचूक सांगूनही माणूस हलतो. एकच विचारायचंय. माझी धाकटी त्या गेलेल्या बाळानंतर दोन वर्षांनी झाली. त्या बाळाच्या पेशी तिच्यात गेल्या असतील?

काजवा
आधीच्या बाळाच्या पेशी आईकडून पुढच्या बाळात जाऊ शकतात, असं संशोधक मानतात. तुमच्या लेकीत आहेत असं मी तपासल्याशिवाय म्हणणार नाही, ताई. नाहीत असंही म्हणणार नाही.