पन्हळीच्या पाइपचा जोड गळतोय, भिंतीला ओल

प्रश्न (शाहूपुरी, सातारा): पत्र्याच्या पन्हळीतून ४ इंची पीव्हीसी पाइप खाली आणलाय. जोराची सर आली की मधल्या जोडातून पाणी भिंतीवर येतं. दोनदा एम-सील लावलं, सुटलं. पाइपच बदलू का?

उत्तर १: बदलू नका, आधी तुंबलाय का बघा. खालच्या बेंडमध्ये गाळ साचला की पाइपात पाणी चढतं आणि सैल जोडातून फुटतं. खालून वर काठीने ठोकत जा. भरलेल्या भागाचा आवाज बद्द येतो.

उत्तर २: एम-सील टिकणारच नाही. ३ मीटर पाइप ३० अंश तापला की साधारण ६ मिलिमीटर वाढतो, कडक लेप तडकतो. रबर रिंगचा जोड घ्या. सॉकेटचं (पाइपचं रुंद टोक, ज्यात दुसरा पाइप बसतो) तोंड वरच हवं; उलटं बसवलं तर प्रत्येक सरीत गळणार. टोकाला साबणाचं पाणी लावा (तेल, ग्रीस नको, रबर फुगतं), पाइप पूर्ण आत ढकला, खूण करा आणि १० मिलिमीटर मागे ओढा. सॉकेटजवळचा क्लॅम्प घट्ट, मधला जरा सैल.

प्रश्नकर्ता: बेंड गच्च भरला होता! वर जाळी टाकू का?

उत्तर १: टाका, पण घुमटाकार. सपाट जाळीवर चार पानं बसली की पन्हळ भरून वाहते. मिरगाआधी एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला हात फिरवा.