गिटार देऊन बँजो घ्यावा का?

सूर_शोधक: ओळखीतला एक जण माझी अकूस्टिक गिटार घेऊन त्याचा पाच तारांचा बँजो द्यायला तयार आहे, सरळ अदलाबदल. (बटणं दाबून वाजवतात तो बुलबुल तरंग नाही, डफाला दांडी बसवल्यासारखा दिसतो तो.) सहा वर्षं गिटार वाजवतोय पण गेलं वर्षभर हातात घेतली की तेच चार कॉर्ड, तेच स्ट्रमिंग, बोटं आपोआप तिकडेच जातात. नवीन वाद्य आलं तर कान परत जागा होईल असं मनापासून वाटतंय. काय करू?

खर्ज: देऊ नकोस. तू त्या चार कॉर्डना कंटाळलायस रे, गिटारला नाही. आणि बँजोची चव गिटारवरच घेता येते, पहिली तार ई वरून उतरवून डी ला लाव, की पातळ बाजूच्या चार तारा डी-जी-बी-डी होतात. बँजोच्या ओपन जी ट्यूनिंगमध्ये ह्याच चार असतात, फक्त पाचवी नाही. महिनाभर अंगठा, तर्जनी, मधलं बोट असे रोल, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकेक तार छेडणं, घोक आणि मग ठरव.

अंगठा_तर्जनी: "फक्त पाचवी नाही" कसं म्हणता, अहो सगळा बँजो त्या पाचवीत आहे! ती पाचव्या फ्रेटपाशी सुरू होते, सगळ्यात आखूड, सगळ्यात चढी, आणि बसते कुठे तर अंगठ्यापाशी, जिथे गिटारवाल्याचा अंगठा वर्षानुवर्षं खर्ज शोधत आलेला असतो. पहिले दोन आठवडे मला वाद्य उलटं धरल्यासारखं वाटायचं. पश्चिम आफ्रिकेतल्या जोला लोकांच्या अकोंटिंगलाही अशीच अंगठ्याची आखूड तार असते, आणि नखाने तार खाली मारायची, बँजोवरच्या क्लॉहॅमर वादनासारखी पद्धतही तिथे आहे. तिथून अमेरिकेकडे गुलाम करून नेलेल्या लोकांनीच तर हे वाद्य घडवलं. शिवाय बँजोचा सूर टिकत नाही, टणकन येतो आणि विरतो, म्हणून सूर एकामागून एक ओतत राहावे लागतात. १९४५ मध्ये अमेरिकन बँजोवादक अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोच्या ब्लूग्रास (तिकडचं तंतुवाद्यांचं लोकसंगीत) बँडमध्ये आला आणि त्याच्या तीन बोटांच्या वादनाने लोक वेडे झाले ते ह्याच ओतण्यामुळे. हे गिटारवर कळायचं नाही. द्याच गिटार. मी दोन्ही ठेवली होती, रोल अडला की हात गिटारकडे, आठ महिने फुकट गेले.

खर्ज: तुमचे गेले म्हणून त्याचेही जातील असं नाही ना. बँजोला गिटारचा खर्ज नाही, संथ गाण्यामागे लांब सूर धरायचा तर काय करणार? सहा वर्षं हाताखाली मुरलेलं वाद्य एकदा गेलं की गेलं, तो माणूस परत देईलच असं नाही. महिनाभर उसना मागून घे.

घोडी_सरळ_करा: द्या नाहीतर राहू द्या, पण आधी तो बँजो नीट बघा. घोडी, म्हणजे पडद्यावर तारा पेलणारी लाकडी पट्टी, चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावर उभी असते. बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवा आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) ऐका, दोन्ही जुळत नसतील तर घोडी सरकलीय, दोन मिनिटांत नीट होते. दांडी मात्र गोलाला जोडलेली असते तिथे हलत असेल तर घेऊ नका. पाचव्या तारेची खुंटी घसरते का तेही बघा. वरचा पडदा फाटला तर बदलता येतो, त्याची चिंता नको.

सूर_शोधक: काल जाऊन वाजवून आलो. दांडी घट्ट आहे, घोडी तिरकी होती ती त्याने समोरच सरळ केली. कॉर्ड धरायला गेलो आणि सवयीने अंगठा वरच्या तारेवर पडला, खर्जाऐवजी इतका उंच जी वाजला की मी दचकून थांबलोच. मग तासभर तेवढीच तार वाजवत बसलो. उसना मागितला होता पण त्याला गिटार लगेच हवीय. रविवारी देतोय.

खर्ज: माझं मत तेच आहे. पण देणारच असशील तर नवीन तारा चढवून दे, त्याच्या हातात ती पहिल्या दिवसापासून छान वाजली पाहिजे.