सर्व्हिस चार्ज काढून घेतला, पुढे काय?

बी-२०२ (खजिनदार), सकाळी ८:१०
सुप्रभात. कालच्या एकत्र जेवणाचा हिशोब देते. आपण एकतीस जण होतो. बिलाच्या तळाशी १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला होता. ए-४०१ काकांनी हरकत घेतली, मॅनेजरने थोडी टाळाटाळ केली, पण शेवटी बिल नवीन काढून दिलं. वर्गणी सगळ्यांनी आधीच भरली होती, त्यामुळे तेवढी रक्कम माझ्याकडे उरली आहे. परत वाटू की पुढच्या कार्यक्रमाला ठेवू? दुपारपर्यंत सांगा.

बी-५०३
काका, बरं केलंत. आम्ही आजवर निमूट भरत आलो. तो टॅक्सच असतो असं वाटायचं.

ए-४०१
तेच तर सगळ्यांना कळू दे. सरकारकडे जातो तो जीएसटी. सर्व्हिस चार्ज रेस्टॉरंटकडेच राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट लिहून दिलं की तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसरं नाव देऊनही लावायचा नाही, आणि द्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवेल. रेस्टॉरंटांच्या संघटना कोर्टात गेल्या. त्याच महिन्यात स्थगितीही मिळाली. मग २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. कुणी अडवलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. भांडायची गरज नाही, शांतपणे "हा काढा" एवढंच म्हणायचं.

ए-१०४
उरलेले पुढच्या कार्यक्रमाला ठेवा. परत वाटणं म्हणजे डोक्याला ताप.

डी-३०१
+१. ठेवा.

सी-१०३, सकाळी ९:२५
काका, कायद्याचं तुम्ही बोललात ते बरोबरच आहे. जबरदस्ती नकोच. पण मला दोन शब्द बोलायचेत, थोडं लांबेल.

मॅनेजर नवीन बिल काढत होता तेव्हा मी गल्ल्याजवळ उभा होतो. आपल्याला वाढणारा मुलगा तिथेच होता. पाच टेबलं त्याने एकट्याने ओढून जोडली होती, डी-विंगच्या आजींसाठी पाणी कोमट करून आणलं होतं, लहान पोरांनी सांडलेलं तीनदा पुसलं होतं. नवीन बिल मशिनमधून निघताना त्याने मॅनेजरच्या हाताकडे पाहिलं, खांद्यावरचं फडकं काढलं आणि आपलंच टेबल परत पुसायला गेला. ते पुसून झालेलं होतं.

मला ते लगेच कळलं, कारण मी नऊ वर्षं हेच काम केलंय. आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. सांगायची लाज नाही, कधी विषय निघाला नाही इतकंच.

नोकरीवर ठेवतानाच मालक सांगायचा, "पगार कमी वाटेल, पण इथे टीप चांगली सुटते." म्हणजे माझ्या पगाराचा एक भाग त्याने पहिल्याच दिवशी न आलेल्या गिऱ्हाइकाच्या खिशात ठेवून दिला. ड्युटी ब्रेकची. सकाळी अकरा ते साडेतीन, मग संध्याकाळी साडेसहा ते शेवटचं टेबल उठेपर्यंत. मधल्या तीन तासांचा पगार नाही, घरी जाऊन येण्याएवढाही वेळ नाही. खुर्च्या जोडून झोपायचो. ग्लास फुटला की पगारातून कापून घ्यायचे, मग तो गिऱ्हाइकाच्या पोराने पाडलेला का असेना.

टीप गल्ल्याशेजारच्या डब्यात जायची. रात्री मोजणी. वाटणी पॉइंटवर व्हायची, कॅप्टनला तीन, वेटरला दोन, हेल्परला एक. मोरीवर भांडी घासणाऱ्यांना शून्य. भटारखान्यात आगीसमोर उभे असलेल्यांनाही शून्य, कारण "त्यांना गिऱ्हाईक कुठे बघतं?" नंतर बिलावर सर्व्हिस चार्ज सुरू झाला तशी लोकांनी टीप ठेवायची बंद केली. सरळ म्हणायचे, "घेतलाय ना बिलात." आमच्या डब्यात खडखडाट. चार्जचं काय होतं असं विचारलं तर उत्तर यायचं, "तुमच्या पगारातच धरलाय." पगार तेवढाच होता.

म्हणून काल चार्ज काढला याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की चार्ज काढून आपण सगळे उठलो, आणि त्या मुलाच्या हातात काहीच न ठेवता बाहेर पडलो. भांडण मालकाशी होतं, भुर्दंड त्याला बसला.

बी-२०२ (खजिनदार)
दादा, हे माझ्या लक्षातच आलं नाही. गडबडीत राहिलं. खरंच चुकलं.

ए-४०१
वाचून वाईट वाटलं. आणि तू हे इथे लिहिलंस याचा आदर आहे. तरीही मूळ प्रश्न सोडणार नाही. तुझ्या मालकाने पगार मारला, तर ती भरपाई गिऱ्हाइकाने का करायची? बस चालवणाऱ्याला आपण टीप देतो का? दवाखान्यातल्या नर्सला? त्यांचा पगार त्यांची संस्था देते. पदार्थाच्या किमतीत जागेचं भाडं आहे, वीज आहे, मग माणसाची मजुरी का नसावी?

सी-१०३
काका, हेच तर माझंही म्हणणं आहे! मजुरी किमतीतच असावी आणि पगारपत्रकावर दिसावी. टीप पगाराच्या जागी आली की काय होतं ते सांगतो. मला टायफॉइड झाला तेव्हा मी जवळजवळ तीन आठवडे घरी होतो. पगाराचे थोडे तरी आले. टीप शून्य, कारण ती आजारपणात येत नाही. टिपेवर पीएफ कापला जात नाही. बँकेत कर्जाला गेलो तर साहेब म्हणाले, सॅलरी स्लिप दाखवा. माझ्या निम्म्या कमाईचा कागदच नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये एका हॉटेल कंपनीच्या आयकर प्रकरणात म्हटलंय की टीप हा मालकाने दिलेला पगार नव्हे, मालकाकडे ती फक्त वाटून देण्यापुरती येते. त्या प्रकरणात प्रश्न टीडीएसचा होता, पण मला त्यातून माझी नऊ वर्षं समजली. मी अर्धं आयुष्य पगाराबाहेर कमावलं.

डी-६०४
मी मध्ये बोलू का? मी अमेरिकेत शिकताना शनिवार-रविवार रेस्टॉरंटमध्ये काम करायचे. तिथे हे सगळं कायद्यात लिहून ठेवलंय. १९६६ पासून मालकाला टीप पगारात धरायची मुभा आहे. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची केंद्रीय किमान मजुरी तासाला २.१३ डॉलर, आणि ती १९९१ पासून तिथेच आहे. साधी केंद्रीय किमान मजुरी ७.२५ डॉलर. टीप धरून ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा असतो, पण तो मागायला जाणार कोण? पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट तोच लावतो ना. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा सात राज्यांत मात्र हा प्रकार नाही. तिथे आधी राज्याची पूर्ण किमान मजुरी, मग वर टीप. तिथली रेस्टॉरंटं काही ओस पडली नाहीत.

ए-४०१
२.१३? इतक्या श्रीमंत देशात?

डी-६०४
हो काका. त्याला इतिहास आहे. तिथल्या यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने झोपायच्या रेल्वेडब्यांत पोर्टर म्हणून गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांना घेतलं. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी सरसकट सगळ्यांना "जॉर्ज" म्हणायचे. स्वतःच्या नावाने हाकसुद्धा नाही. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी युनियन उभी केली. कंपनीने करारावर सही केली ती १९३७ मध्ये. ठरलेल्या पगारासाठी बारा वर्षं.

आणि एक गोष्ट, जी मी घरीसुद्धा कधी बोलले नाही. टिपेवर भाडं भरायचं असलं की गिऱ्हाइकाने मनगट धरलं तरी हसावं लागतं. मी हसलेय. त्या टेबलाची टीप म्हणजे माझं त्या दिवसाचं जेवण होतं. पगार पूर्ण असता तर मी हात झटकून मॅनेजरला बोलावलं असतं.

बी-२०२ (खजिनदार)
😔 बाळा, एकदा घरी ये. चहा घेऊ.

बी-५०३
ताई, वाचून काटा आला. पण एक विचारते. टीपच नसली तर मुलं मन लावून वाढतील का? चांगल्या कामाचं बक्षीस असतं ना ते?

डी-६०४
काकू, सगळ्यांना तसंच वाटतं. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी वर्षानुवर्षं यावरच संशोधन केलंय. त्यात निघालं असं की सेवा चांगली की वाईट याचा टिपेच्या रकमेशी संबंध अगदी पुसट असतो. माणसं बिलाच्या आकड्यावर आणि आपल्या सवयीवर देतात. म्हणजे मन लावून केलं काय आणि कसंबसं केलं काय, वाढणाऱ्याच्या हाती फार फरक पडत नाही.

सी-१०३
अगदी. माझी सगळ्यात जास्त टीप ज्या रात्री आली, त्या रात्री मी तापाने फणफणलो होतो आणि दोन ऑर्डरी चुकवल्या होत्या. टेबलावर कुणाचं तरी प्रमोशन होतं, बस.

ए-१०४
मग उपाय काय? टीप बंद करून दर वाढवायचे? लोक येतील?

डी-६०४
करून पाहिलंय लोकांनी. न्यूयॉर्कमध्ये डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांत टीप बंद केली, दर वाढवले. एक कारण हेच होतं, की आतले स्वयंपाकी आणि बाहेर वाढणारे यांच्या कमाईत फार दरी पडली होती. २०२० मध्ये त्यांनी टीप परत सुरू केली. एकट्याने दर वाढवले की मेनू महाग दिसतो आणि शेजारचा स्वस्त दिसतो. म्हणून नियम सगळ्यांना एकच लागतो. फ्रान्समध्ये १९८७ पासून मेनूवरच्या किमतीत सेवा धरलेलीच असावी लागते. ब्रिटनमध्ये २००९ पासून टीप किमान मजुरीत मोजता येत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून टीप असो वा सर्व्हिस चार्ज, सगळी रक्कम कामगारांना द्यावी लागते, तीसुद्धा पुढच्या महिनाअखेरीपर्यंत. वाटणीचं धोरण लेखी हवं आणि नोंदी तीन वर्षं ठेवायच्या. दादा, तुमच्या त्या डब्याचा हिशोब तिथे कागदावर मागता आला असता.

ए-४०१
हे मला पटलं. आपल्याकडचा निकाल ग्राहकाला वाचवतो. कामगाराला किती मिळालं हे विचारणारं त्यात फारसं काही नाही. संघटना कोर्टात म्हणत होत्या की हा पैसा कर्मचाऱ्यांसाठीच आहे. असेल तर वाटणीचा कागद भिंतीवर लावा, मी पहिला आनंदाने देईन.

बी-२०२ (खजिनदार), दुपारी १२:४०
मग ठरवूया. उरलेली रक्कम मी परत वाटत नाही आणि ठेवतही नाही. संध्याकाळी जाऊन त्या लोकांना देऊन येते. कुणाची हरकत?

ए-४०१
हरकत नाही. मी बरोबर येतो. मॅनेजरला ते "चार्ज परत भरला" असं वाटायला नको, एवढं बघू.

सी-१०३
ताई, एक सांगू? एकाच पाकिटात देऊ नका. गल्ल्यावर तर मुळीच नको. सुटे करून न्या आणि मोरीवर कोण आहे ते आवर्जून विचारा.

बी-२०२ (खजिनदार), रात्री ८:०५
जाऊन आलो. काल आपल्याला वाढणारा मुलगा आज सुट्टीवर होता. त्याचा फोन लावून मॅनेजरसमोरच सांगितलं की पाकीट कॅप्टनकडे ठेवलंय, त्यावर त्याचं नाव घातलंय. काकांनी मॅनेजरला विचारलं, सर्व्हिस चार्ज कसा वाटता? तो म्हणाला, मालकांना विचारावं लागेल. काका म्हणाले, विचारून ठेवा, आम्ही परत येऊ.

मग मागच्या दाराने गेलो. भांडी घासायला दोन मावशी होत्या. पाण्यात राहून बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली. एकीने पदराला हात पुसले, तरी पाकीट ओलं होईल म्हणून दोन बोटांनी कडेला धरलं. विचारलं, "हे कुणी चुकून दिलंय का?" मी म्हटलं, काल आमच्या एकतीस ताटांची भांडी तुम्ही घासलीत, त्याचं आहे. दुसरी म्हणाली, काल मी नव्हते, तिचं एकटीचंच आहे. आणि तिने स्वतःचं पाकीट मला परत दिलं. मी घेतलं नाही, पण तिने दिलं होतं.

बी-५०३
🙏🙏

सी-१०३
ताई, काका, आभार. मला आज झोप लागेल.

डी-६०४
आता एक अवघड प्रश्न. आपल्या जिन्यांवर झाडू मारणाऱ्या तिघी कंत्राटदाराकडून येतात. मागच्या वर्षी आपण तीन कोटेशनं मागवली आणि सगळ्यात स्वस्त ते घेतलं. मग त्यांना बक्षीस द्यायला वर्गणीही काढली. त्यांचा पगार किती, पीएफ भरतात का, महिन्यात सुट्ट्या किती, आपल्यापैकी कुणाला माहीत आहे?

ए-४०१
मला नाही माहीत. मीच तो दर घासाघीस करून खाली आणला होता.

सेक्रेटरी (बी-७०१), रात्री ९:२०
दिवसभर वाचत होतो. कंत्राटाचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. कंत्राटदाराकडून तिघींच्या पगाराच्या नोंदी आणि पीएफची चलनं उद्याच लेखी मागवतो. रविवारच्या समितीच्या बैठकीत हा पहिला विषय. सी-१०३ दादा, तुम्ही समितीवर नाही, पण या बैठकीला यावं अशी विनंती. तिघींनाही बोलावू, मात्र त्यांच्या ड्युटीच्या वेळेत, म्हणजे तो तास त्यांच्या पगारात धरला जाईल.

सी-१०३
येतो. वेळ कळवा.