यॉर्कचा पँटो डेम बदलल्यावर यॉर्कचा राहिला का?

गॅलरीवाला
इंग्लंडमधल्या यॉर्कचं थिएटर रॉयल 1744 सालचं. तिथल्या ख्रिसमसच्या पँटोमाइममध्ये (पँटो, म्हणजे गाणी, विनोद आणि प्रेक्षकांच्या आरडाओरड्याचं घरच्या सगळ्यांसाठीचं नाटक) बर्विक केलर 1977 पासून चाळीसेक वर्षं डेम, म्हणजे पुरुषाने रंगवलेली फटकळ बाई. स्क्रिप्ट पण तोच लिहायचा आणि मध्येच ती सोडून वाट्टेल ते बोलायचा, प्रेक्षकांत वॅगन व्हील बिस्किटं भिरकवायचा, लोक पिढ्यानपिढ्या त्याच्यासाठीच यायचे. 2019 ला त्याने डेम सोडली, मग थिएटरने त्याला लेखन-दिग्दर्शनातूनही बाजूला केलं आणि इव्होल्यूशन नावाच्या पँटो कंपनीला जोडीला घेतलं. माझ्या मते तिथेच यॉर्कचा पँटो संपला. आता जे होतं ते कुठल्याही गावात खपेल.

जुनं तिकीट
मग संपला तर तो शंभरदा संपलाय की. 1717 च्या सुमारास लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स थिएटरात नट-मॅनेजर जॉन रिच सुरू झाला तेव्हा सगळी मजा हार्लेक्विनची, म्हणजे ठिगळांच्या कपड्यातल्या मुखवटेवाल्या खोडकर नोकराची, आणि रिचचा हार्लेक्विन तोंडातून शब्द काढायचा नाही. 1806 ला कॉव्हेंट गार्डन थिएटरात विदूषक ग्रिमाल्डीचं मदर गूज तुफान चाललं आणि विदूषक हार्लेक्विनच्या डोक्यावर बसला. 1843 च्या कायद्याने बोलत्या नाटकांवरची ठरावीक थिएटरांची मक्तेदारी गेली, तशी शाब्दिक कोट्यांची बरसात झाली आणि हळूहळू हार्लेक्विनच गायब. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालंच असेल, आता पूर्वीसारखं राहिलं नाही.

गॅलरीवाला
फॉर्म बदलण्याबद्दल मी बोलतच नाहीये, माणूस टिकण्याबद्दल बोलतोय. टीव्हीवरचा चेहरा आणायचा, पोस्टरवर मोठा छापायचा, पुढच्या वर्षी दुसरा, याला काय अर्थ आहे

जुनं तिकीट
तेही जुनंच! ऑगस्टस हॅरिसने 1879 ला लंडनचं ड्रुरी लेन थिएटर हातात घेतलं आणि पँटोत म्युझिक हॉलचे, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या थिएटरांतले, स्टार भरले, मेरी लॉइड, हर्बर्ट कॅम्पबेल, डॅन लेनो. तेव्हाच्या समीक्षकांनी नाकं मुरडली होती, आणि आज ज्याला आपण अस्सल पँटो म्हणतो त्यातलं बरंचसं त्याच काळातलं.

गॅलरीवाला
लेनोचं नाव घेतलंस ते बरं झालं. 1888 ला आला तो 1904 पर्यंत दरवर्षी तिथेच. स्टार म्हणून आला आणि त्या थिएटरचा होऊन बसला. मला हेच हवंय.

विंगेतून
दोघं इतिहासात रमलात, हिशोब कोण बघणार? लंडनबाहेरच्या बऱ्याच थिएटरांना पँटो हीच वर्षाची मोठी कमाई, तिच्या जिवावर बाकीची गंभीर नाटकं उभी राहतात. पँटो पडला तर ती पण आडवी. असा शो एका माणसाच्या तब्येतीवर किती वर्षं ठेवणार. आणि मुलं पहिल्यांदा थिएटरात येतात ती बहुतेक पँटोलाच, त्यांना केलर कोण हे घेणंदेणं नसतं, त्यांना फक्त स्टेजवरच्या पात्राला ‘तो बघ तुझ्या मागे!’ असं ओरडून सांगायचं असतं.

गॅलरीवाला
पण 2021 ला केलर त्याच गावातल्या ग्रँड ऑपेरा हाऊसला गेला आणि चाहते त्याच्या मागे गेले, त्याचं काय?

विंगेतून
गेले ना, जाऊ देत, गावाला दोन पँटो मिळाले. आणि 2020 चं विसरू नकोस, कोविडमध्ये ह्याच ‘बाहेरच्या’ टीमबरोबर थिएटर रॉयलने पँटो उचलून यॉर्कच्या वस्त्यावस्त्यांत नेला, कुठली गोष्ट करायची ते प्रेक्षकांनी मत देऊन ठरवायचं. याहून लोकल काय असतं?

चहा घेऊन आले
इथे बालगंधर्वांची तुलना कुणीतरी करणारच म्हणून आधीच सांगते, तिथे लोक लुगडं-शालू बघून बाई आहे असं मानून बसायचे, डेममध्ये मात्र आत बाप्या आहे हे कुणी विसरायचंच नाही, दाढीचे खुंट दिसले तर उलट जास्त हशा. म्हणून ती एकट्या नटावर फार चालते. या बाबतीत मी गॅलरीवाल्याच्या बाजूने. फक्त नवीन माणसाला पण दहा वर्षं द्या की राव, केलर पहिल्याच वर्षी केलर नव्हता.

गॅलरीवाला
दहा वर्षं दिली तर मी गप्प. थिएटर देणार का ते बोला.