पोर्चचा दिवा तिन्हीसांजेला लुकलुकतो: एलडीआर बदलण्याआधी

पोर्चचा आपोआप लागणारा दिवा तिन्हीसांजेला सारखा लागतो-विझतो, तर त्याचा एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर) बदलू का, असा प्रश्न आहे. घाई नको. आधी बल्ब काढून ठेवा आणि अंधार पडताना रिले (दिवा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) टकटक करतो का ते ऐका. टकटक थांबली तर दिव्याचाच उजेड सेन्सरवर पडतोय: लागला की सेन्सरला दिवस वाटतो, विझला की रात्र. सेन्सर दिव्याच्या मागे, आकाशाकडे तोंड करून लावा.

बल्ब नसतानाही टकटक चालूच राहिली, तर लागण्याची आणि विझण्याची पातळी एकच आहे. एलएम३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) च्या स्वस्त मॉड्यूलमध्ये हे नेहमीचंच. त्या चिपचं आउटपुट आणि प्लस इनपुट यांच्यात २२० किलोओहमचा रेझिस्टर टाका, दोन पातळ्यांत अंतर पडेल.

दिवा मायक्रोकंट्रोलरवर (प्रोग्राम करता येणारी छोटी चिप) चालत असेल तर मी एलडीआरच्या वाटेला जाणारच नाही. बीएच१७५० हा डिजिटल सेन्सर थेट लक्समध्ये (उजेड मोजायचं एकक) आकडा देतो. रात्री दिवा लावून आणि विझवून रीडिंग घ्या. फरक समजा २५ लक्स आला आणि दिवा २० ला लावायचा असेल, तर विझवायची पातळी ४५ च्या बरीच वर, ६० ठेवा. शिवाय रीडिंग सलग ६० सेकंद टिकलं तरच रिले हलवा, नाहीतर गाडीचे हेडलाइट आणि विजा दिवा घालवतील.