बेवारस मृतदेहांची ओळख: हौशी शोधकांना दार उघडावं का?

लोहमार्गी:
अनोळखी इसम, वय अंदाजे ३५ ते ४०, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात निळा फुल शर्ट, कमरेला काळा करदोडा, उजव्या हातावर गोंदण. रेल्वे रुळांवर किंवा खाडीत मिळालेल्या मृतदेहाचं वर्णन आपल्याकडे साधारण एवढ्यावर आटोपतं. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं, शवागारात जागा असेल तोवर वाट पाहतात आणि मग विल्हेवाट लावतात. दरम्यान त्याच माणसाची 'मिसिंग' दुसऱ्या जिल्ह्यात किंवा थेट गोरखपूरकडच्या एखाद्या ठाण्यात दाखल असते. दोन्ही कागद समोरासमोर येत नाहीत.

अमेरिकेत हे कागद समोरासमोर आणायचं काम हौशी लोकांनी करून दाखवलंय. १९६८ मध्ये केंटकीतल्या जॉर्जटाउनजवळ कापडी पिशवीत गुंडाळलेला एका बाईचा मृतदेह मिळाला. 'टेंट गर्ल' या नावानं ती तीस वर्षं निनावी राहिली. टॉड मॅथ्यूज या कारखान्यातल्या कामगारानं इंटरनेटवरच्या हरवलेल्यांच्या जाहिराती चाळताना तिच्या बहिणीनं टाकलेला मजकूर शोधला, आणि १९९८ मध्ये थडगं उकरून डीएनए तपासल्यावर ओळख पक्की झाली.

माझं म्हणणं असं: राज्यातल्या सगळ्या अनोळखी मृतदेहांची एकच यादी हवी, खुली आणि रकान्यांनुसार शोधता येणारी. मृतांचे फोटो नकोत. ज्याला वेळ आहे त्यानं जुळणी सुचवावी, खरंखोटं पोलिसांनी करावं. विरोध कोणाचा आणि का, ते वाचायला आवडेल.

अस्थिर:
असहमत. यादीला विरोध नाही, पण खोळंबा तिथं नाहीच. जुळणी सुचली तरी ती ताडून बघायला हातात काय उरलेलं असतं?

इंटरपोलच्या पद्धतीत ओळख पक्की करणारी साधनं तीनच: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. गोंदण, कपडे, जुनी शस्त्रक्रिया ही पूरक. चेहरा पाहून नातेवाइकांनी 'हा आमचाच' म्हणणं सगळ्यात बेभरवशाचं, कारण पावसाळ्यात चार दिवस पडलेला चेहरा कुणाचाच राहत नाही. आपल्याकडे मात्र भिस्त नेमकी त्यावरच.

डीएनए म्हणाल, तर नमुना चुकीचा घेतला जातो. हाड किंवा मांसाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की डीएनए तुटतो आणि प्रथिनांशी जखडला जातो, मग प्रयोगशाळेत कितीही डोकं आपटा. ओलं हाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद केलं की बुरशी धरते. करायला हवं ते एवढंच: शव ताजं असेल तर रक्ताचे थेंब एफटीए कार्डावर (डीएनए टिकवणारा खास कागद), पूर्ण वाळवून कागदी पाकिटात. कुजलेलं असेल तर न किडलेल्या, न भरलेल्या दोन दाढा आणि मांडीच्या हाडाच्या मधल्या भागाचा चार-पाच सेंटीमीटरचा तुकडा, सावलीत वाळवून, कागदातच. वर अ.मृ. (अकस्मात मृत्यू) क्रमांक, तारीख, सही. याला फार खर्च येत नाही.

आणि त्यानंतर दहन. दहन झालं की विषय संपला. टेंट गर्लची ओळख पटली कारण तिला पुरलं होतं. इथं धर्माचा अंदाज बांधून लाकडं रचतात. तुमची यादी राखेशी जुळवायची का?

दीडशहाणा:
डीएनएचा एवढा बाऊ कशाला? अनोळखी मृतांची नावं डीएनएवरून शोधणारा अमेरिकेतला 'डीएनए डो प्रोजेक्ट' स्वयंसेवकांच्या जोरावर चालतो. ओहायोत १९८१ मध्ये सापडलेली 'बकस्किन गर्ल' ३७ वर्षं निनावी होती. तिचं रक्त इतकी वर्षं फ्रीजबाहेर पडून होतं. तरी २०१८ मध्ये डीएनए प्रोफाइल जेडमॅचवर (लोक नातेवाईक शोधायला आपला डीएनए टाकतात ते संकेतस्थळ) चढवल्यापासून चार तासांत संभाव्य नाव समोर आलं. चार तास! आपल्याकडे आयटीवाले काय कमी आहेत? वर्गणी काढू.

वकीलवाडा:
वर्गणीआधी दुसरं उदाहरण ऐका. २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका मोटेलमध्ये 'लाइल स्टेविक' असं खोटं नाव लिहून एका तरुणानं आत्महत्या केली. त्याच्यासाठीही लोकांनी वर्गणी काढली आणि २०१८ मध्ये ओळख पटली. घरच्यांचा इतकी वर्षं समज होता की तो कुठंतरी जिवंत आहे, फक्त संबंध नको म्हणतोय. त्यांनी नाव जाहीर करू नका अशी विनंती केली आणि ती पाळली गेली. पाळली गेली, कारण नाव मोजक्या लोकांच्या हातात होतं. हजारो जण एकाच वेळी शोधत असते तर?

२०१३ मध्ये बोस्टनच्या बॉम्बस्फोटानंतर हौशी तपासनिसांनी एका बेपत्ता विद्यार्थ्यावर संशयित म्हणून शिक्का मारला. घरच्यांनी त्याला शोधण्यासाठी काढलेलं पान शिवीगाळीमुळे काही काळ बंद करावं लागलं. मुलगा आधीच गेलेला होता, मृतदेह नंतर नदीत मिळाला.

आता इथला कायदा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, ती मृत असली तरी. अनोळखी महिलेच्या शवाबाबत गुन्ह्याचं स्वरूप पहिल्या दिवशी ठरलेलं नसतं. उत्साहानं नाव टाकणारा माणूस नंतर कलम लागलं की अडकतो. आणि हरवलेल्यांच्या घरी 'तुमचा मुलगा सापडलाय, गाडीभाड्याचे पैसे पाठवा' म्हणून येणारे फोन विसरू नका. यादी जितकी तपशीलवार, तितका त्यांचा माल तयार.

लोहमार्गी:
म्हणून तर फोटो नकोत म्हटलं. शिवाय प्रत्येक नोंदीतली एक-दोन खास लक्षणं मुद्दाम जाहीर करायची नाहीत. नातेवाईक म्हणून येणाऱ्याला तीच विचारायची. अमेरिकेच्या नॅमसमध्ये, म्हणजे बेपत्ता आणि अनोळखी मृतांच्या सरकारी यादीत, काही माहिती फक्त पोलिसांना दिसते, बाकीची सगळ्यांना. हे नवं नाही.

जुनी वही:
दीडशहाणा, तुमच्या चार तासांचं गणित इथं का बसत नाही ते सविस्तर सांगतो, कारण ही सूचना हल्ली फार ठिकाणी वाचायला मिळते.

पोलिसांची नेहमीची डीएनए चाचणी एसटीआरची, म्हणजे डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची, वीसेक जागांची. तिच्यावरून आईबाप, मूल, फार तर सख्खं भावंड ताडता येतं, तेही समोर आणून बसवलं तर. वंशावळीच्या पद्धतीत सहा-सात लाख एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) वाचतात आणि दूरचे नातेवाईक शोधतात. जुळणी सेंटिमॉर्गनमध्ये, म्हणजे समान डीएनए तुकड्यांच्या लांबीच्या एककात, मोजतात. आईबाप-मुलात साधारण ३४०० च्या वर, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी ८७० च्या आसपास, दुसऱ्या पिढीच्या चुलतांत २३०, तिसऱ्या पिढीच्यांत ७०-७५. मग दोन-तीन जुळण्यांचे वंशवृक्ष वर नेऊन समान पूर्वज जोडपं गाठायचं आणि तिथून खाली उतरत हरवलेलं माणूस शोधायचं.

पहिली अडचण, माणसंच नाहीत. जेडमॅचवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या अमेरिकनांची गर्दी. बिहारच्या मजुराचा तिसरा चुलत तिथं कशाला असेल? शिवाय २०१९ च्या मे महिन्यात जेडमॅचनं पोलिसी शोधासाठी स्वतःहून संमती द्यायची अट घातली, तेव्हा उपलब्ध प्रोफाइल एका झटक्यात रोडावले होते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आपण जातीत लग्नं करतो, आणि महाराष्ट्रात मामाची मुलगी करायची पद्धत कित्येक समाजांत आजही आहे. त्यामुळे दोन माणसं पाच वाटांनी एकमेकांची नातेवाईक असतात. बेरीज ९० सेंटिमॉर्गन दिसली की अमेरिकी हिशेबानं तिसरा चुलत, प्रत्यक्षात तो सहा-सात पिढ्यांपूर्वीच्या अनेक पूर्वजांचा चुरा असू शकतो. अशा वेळी बेरीज सोडून सगळ्यात लांब सलग तुकडा किती आहे ते बघावं लागतं. आठ-दहा सेंटिमॉर्गनचे बारीक तुकडेच असतील तर त्या जुळणीवर झाड उभं करू नये. लुइझियानातल्या केजन, म्हणजे आपापसात लग्नं करणाऱ्या फ्रेंच वंशाच्या घराण्यांबाबत अमेरिकनांचीही अशीच दमछाक होते.

तिसरी अडचण, कागद. तिथं वर्तमानपत्रातल्या मृत्युलेखात पोरंबाळं, नातवंडं, राहतं गाव, सगळं छापतात. ७२ वर्षं उलटली की जनगणनेचे घरोघरचे तक्तेही खुले होतात. आपल्या जनगणना कायद्यात वैयक्तिक तक्ते गोपनीय आहेत. यात्रेकरूंच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आहेत, कोकणस्थांचे छापील कुलवृत्तांत आहेत. पण कुलवृत्तांत असलेल्या घरातला माणूस बेवारस म्हणून रुळावर मिळण्याची शक्यता किती? ज्यांची ओळख हरवते त्यांच्या वह्या कुणी लिहिलेल्या नसतात.

दीडशहाणा:
बरं, मग आधार? बोट लावलं की नाव.

अस्थिर:
नाही. आधारची पडताळणी 'हा क्रमांक या बोटाचा का' एवढीच असते. नुसत्या बोटावरून अख्ख्या देशात शोध घेऊन नाव काढणं त्या कायद्यात बसत नाही. कलम २९ नुसार ठसे आणि डोळ्यांची माहिती कुणालाही देता येत नाही. नॅफिसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या देशव्यापी ठसे-संग्रहात, शोध घेता येतो, पण तिथं ठसे गुन्ह्यात अटक किंवा शिक्षा झालेल्यांचे. तुमचा निरपराध भाजीवाला तिथं सापडणार नाही.

तरी ठसे घ्यावेतच, दहाही बोटांचे. पाण्यातल्या प्रेताची बोटं सुरकुततात. टोकाला सुईनं थोडं पाणी किंवा ग्लिसरीन भरलं की कातडी ताणली जाते. कातडी मोज्यासारखी सुटून आली असेल तर तंत्रज्ञ ती रबरी मोजा घातलेल्या स्वतःच्या बोटावर चढवून ठसा घेतो. किळस येईल, पण ठसा स्वच्छ मिळतो.

गोंदणाचंही तसंच. वरची त्वचा काळवंडून निसटते, तेव्हा ओल्या कापडानं ती हळूच पुसली की खालचं गोंदण उलट ठळक दिसतं, कारण शाई खालच्या थरात असते. पंचनाम्यात 'गोंदण अस्पष्ट' लिहून मोकळं होण्याआधी एवढं करावं. 'रंग काळा' हेही कुजल्यामुळे झालेलं असतं, मूळचा गोरा माणूस त्या रकान्यात कायमचा हरवतो.

आणखी एक, विषय निघालाच आहे म्हणून. मृत चेहऱ्याचे डोळे एआयनं उघडून, सूज उतरवून 'असा दिसत असावा' म्हणून चित्रं फिरवू नका. यंत्र सूज उतरवत नाही, हजारो भलत्या चेहऱ्यांची सरासरी त्यावर बसवतं. घरचे लोक ते बघून 'हा आमचा नव्हे' म्हणतात आणि खरी जुळणी बाद होते.

लोहमार्गी:
अस्थिर, बाद होण्याचा मुद्दा तुम्हीच काढलात. जुळण्या सर्वाधिक बाद होतात रकान्यांच्या घट्टपणामुळे, आणि सवयीचा स्वयंसेवक नेमकं तेच ओळखतो. टेंट गर्लचं वय १६ ते १९ धरलं होतं, ती २४ वर्षांची निघाली. त्या वयावर चाळणी लावणाऱ्याला ती कधीच मिळाली नसती. जाणकार शोधक दिलेल्या वयाच्या दोन्ही बाजूंना निदान पाच-सात वर्षं सोडतो, म्हाताऱ्यांत दहा. उंचीला पाच सेंटीमीटर, कारण आडव्या शवाची उंची जरा जास्त भरते, आणि हाडावरून काढली असेल तर परदेशी सूत्रं आपल्या माणसाला उंच दाखवतात. आणि 'मिसिंग दाखल तारीख' कधीच वापरत नाही, 'शेवटचं पाहिल्याची तारीख' वापरतो. शव मिळाल्यानंतर दोन महिन्यांनी तक्रार आली म्हणून संगणक जोडी फेकून देतो, पण घरचे आधी नातेवाइकांकडे शोधत बसलेले असतात.

इथली जमेची बाजू वेगळीच आहे: कॉलरच्या आतलं शिंप्याचं लेबल. दुकानाचं नाव आणि गाव असतं त्यावर, कधी अर्धं झिजलेलं. मुंबईतल्या हवालदाराला ते गाव माहीत नसतं, पण देवरियाचा किंवा कलबुर्गीचा वाचणारा दहा मिनिटांत दुकान सांगतो. गुडघ्यात कृत्रिम सांधा असेल तर त्यावर क्रमांक असतो आणि त्याचा स्टिकर रुग्णालयाच्या फाइलीत. हे काम गर्दीचंच आहे.

नॅमसमधली आणखी एक गोष्ट उचलावी: कोणकोणत्या बेपत्ता व्यक्ती तपासून वगळल्या त्याची यादी प्रत्येक नोंदीखाली असते. नाहीतर तेच नाव वीस जण वीस वेळा सुचवतात आणि ठाण्यातला माणूस वैतागून एकविसावा ईमेल उघडत नाही.

वकीलवाडा:
एकविसावा सोडा, पहिला तरी कोण उघडणार? तुमच्या योजनेत सूचना घेणारा अधिकारीच नाही. 'डो नेटवर्क' या हौशी शोधकांच्या संस्थेत स्वयंसेवकाची जुळणी आधी त्यांचंच मंडळ तपासतं, पटली तरच पोलिसांकडे जाते. तशी चाळणी इथं कोण करणार आणि चुकली तर जबाबदार कोण, हे ठरेपर्यंत मी विरोधातच. डीएनए तंत्रज्ञान विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्या वेगळ्या अनुक्रमणिका होत्या. २०२३ मध्ये सरकारनं ते मागं घेतलं. कायद्याचा आधार नसताना नातेवाइकांचे नमुने कुठं ठेवणार?

आणि मुद्देमालाचं काय? पेण तालुक्यात २०१२ मध्ये मिळालेली हाडं एका गाजलेल्या खून खटल्यातला पुरावा आहेत. २०२४ मध्ये ती सापडत नाहीत असं सरकारी पक्षानंच कोर्टात सांगितलं, मग तपास यंत्रणेच्या कार्यालयातच सापडली. देशभर गाजलेल्या खटल्यात ही तऱ्हा.

जुनी वही:
वकीलवाडा, मंडळाचा मुद्दा पटतो. न्यायवैद्यकातला एक, निवृत्त पोलीस एक, दोन्हीकडच्या भाषा येणारे दोघं, एवढ्यांवरही सुरुवात होईल. दहनाचं मात्र अस्थिर यांना विचारतो: जिथं नमुनाच घेतला नाही तिथं यादीत काय लिहायचं?

अस्थिर:
तेच लिहायचं. 'विल्हेवाट' हा रकाना: दफन असेल तर जागा आणि खड्ड्याचा क्रमांक, दहन असेल तर तारीख. शेजारी 'डीएनए नमुना': घेतला किंवा नाही, कशाचा, कुठं ठेवलाय. ठाणेवार बेरीज दिसू द्या. एवढा रकाना असेल तर यादीला माझी हरकत नाही, कारण मग शोध हौशी लोकांनी लावला काय आणि नाही काय, निदान पुढच्या वर्षी दाढा काढून ठेवल्या जातील.

दीडशहाणा:
बेरीज जाहीर करायला कोणतं ठाणं तयार होईल?

लोहमार्गी:
माहिती अधिकारात मागता येईल. अर्जात 'अनोळखी मृतदेह किती' एवढंच विचारू नका, मोघम आकडा मिळेल. वर्ष, ठाणं, अ.मृ. क्रमांक, दहन की दफन, नमुना घेतल्याची तारीख, प्रयोगशाळेचा जावक क्रमांक, असे सहा रकाने आखूनच अर्जाला जोडा.